फूटपाथवरचा तिशीतला तरुण

कचरू रणपिसे यांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला तेव्हा त्यांना त्रेसष्टावं लागलं होतं. त्याआधी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नोकरी झाली, कार्यालय अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात त्यांच्या नावावर साधा लेटमार्कही लागला नाही. रस्तासुद्धा ते झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडायचे. पट्टे पुसले गेले असतील तर ते कुठे असावेत याचा अंदाज घ्यायचे आणि तिथूनच जायचे.

गुन्ह्याचं मूळ लेकीच्या मायेत होतं. आम्रपाली बंगळुरूला नोकरी करते. पप्पांची साखर वाढल्याचं तिला फोनवर कळलं आणि चौथ्या दिवशी वारज्यातल्या मैत्रीबन सोसायटीत सायकल येऊन पडली. गिअरची, बारीक चाकांची, सोबत हेल्मेट आणि पुढे लावायचा दिवा. सोसायटीच्या मागच्या फाटकातून टेकडीकडे एक निवांत रस्ता जातो. त्यावर कचरू रोज सकाळी सहाला चक्कर मारू लागले. बायको सत्यशीला खूश, डॉक्टर खूश. डिसेंबरात तो रस्ता ड्रेनेजसाठी खणला गेला आणि कचरूंना पुढच्या फाटकातून, मुख्य रस्त्यावर यावं लागलं.

पहिल्या दिवशी ते रस्त्याच्या डाव्या कडेने, नियमाप्रमाणे निघाले. सायकलसाठी आखलेला पट्टा होता, पण त्यात ओळीने गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे पट्ट्याच्या बाहेरून जावं लागलं. मागून एका बसने असा काही हॉर्न दिला की कचरूंच्या हातातलं हँडल आपसूक वळलं आणि ते उसाच्या रसाच्या बंद गाड्याला टेकून दहा मिनिटं नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सायकल उचलून फूटपाथवर घेतली.

पाच-सहा दिवस बरे गेले. एवढ्या सकाळी फूटपाथवर असतं कोण? सातव्या दिवशी हिंमतराव काळमेघ होते.

हिंमतराव सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे अमरावतीकडचे, पुण्यात तीस वर्षं फर्निचरचं दुकान, एकेकाळी तालमीत घुमलेले आणि त्या काळाची आठवण म्हणून अजून छाती काढून चालणारे. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या घेऊन ते समोरून येत होते. जानेवारीचा अंधार होता. कचरू ओरडले, "अहो, सरका! सरका!" हिंमतराव सरकले. पण नेमके ज्या बाजूला कचरू वळत होते त्याच बाजूला सरकले. धडक म्हणावी इतकी ती धडक नव्हतीच. हँडल पिशवीला लागलं, दोन पिशव्या फुटल्या आणि हिंमतराव जमिनीवर बसले. गडबडीत कचरूंनी ब्रेकच्या ऐवजी गिअर दाबला, त्यामुळे सायकल थांबली ती थेट पुढच्या वळणाशी. वळून पाहिलं तर दोघं-तिघं जमून हिंमतरावांना उठवत होते.

परत जाऊन माफी मागावी, असं कचरूंना मनापासून वाटलं. मग वाटलं, आधी घरी जाऊन दम खावा. मग वाटलं, अंघोळ उरकूनच जावं.

अंघोळ उरकून ते बाहेर आले तेव्हा सत्यशीलाबाई घरात नव्हत्या. त्या सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सोसायटीत कोणाला खरचटलं की पहिला फोन त्यांनाच जायचा. अर्ध्या तासाने त्या कापसाची पेटी घेऊन परत आल्या त्या रागाने लाल होऊनच.

"हिंमतरावांना उडवलं हो सायकलवाल्यानं! फूटपाथवर! गुडघा सोलवटून निघालाय. आणि तो मेला थांबलासुद्धा नाही."

कचरूंच्या हातातला चहाचा कप वाटेतच थांबला. "कोण होता?"

"कोणीतरी पोरगा. हिंमतराव म्हणाले, तिशीतला असेल. अंगाने दणकट. आणि असा वेग, की अंगावर मोटरसायकल आल्यासारखं वाटलं."

"तिशीतला म्हणाले?"

"तिशीच्या आतलाच असेल, म्हणाले."

खरं सांगायची हीच वेळ होती. कचरूंनी तोंड उघडलंसुद्धा. पण एक तर सत्यशीलाबाईंच्या हातात कात्री होती. दुसरं कारण त्यांनी स्वतःशीसुद्धा खूप उशिरा कबूल केलं. ते खरोखरच तीस वर्षांचे होते तेव्हादेखील त्यांना कोणी दणकट म्हणालं नव्हतं. कार्यालयात त्यांना 'रणपिसे बारीक' म्हणत, कारण दुसरे एक रणपिसे जाड होते. इतक्या उशिरा वाट्याला आलेलं हे वर्णन लगेच खोडून काढायला मन तयार होईना. त्यांनी चहा पिऊन टाकला.

सायकल त्या दिवसापासून जिन्याखाली गेली. टायर पंक्चर आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून खाली जाऊन हवा सोडून आले.

इकडे सत्यशीलाबाईंनी पदर खोचला. फूटपाथवरून दुचाक्या नेणारे, फूटपाथवर गाड्या लावणारे, फूटपाथवर वडे तळणारे, या सगळ्यांवर त्यांचा राग जुनाच होता. आता त्याला एक चेहरा मिळाला. चेहरा कोणी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. दोन दिवसांत पदपथ समिती उभी राहिली. पहिल्याच बैठकीत ठरलं की वाहतूक पोलिसांना निवेदन द्यायचं.

"अहो, मसुदा तुम्ही करा," सत्यशीलाबाई रात्रीची भांडी पुसत म्हणाल्या. "तुमच्यासारखं कोणाला जमणार नाही."

हे मात्र खरं होतं. कचरूंच्या हातचा मसुदा म्हणजे वरच्या साहेबाने एक स्वल्पविरामही बदलू नये. त्यांनी कागद पुढे ओढला, समास सोडला आणि लिहिलं, 'विषय : मुख्य रस्त्यावरील पदपथावर बेदरकारपणे सायकल चालवणाऱ्या अज्ञात इसमाबाबत.' लिहिता लिहिता हात गरम झाला. 'सदर इसम अंदाजे तीस वर्षे वयाचा व मजबूत बांध्याचा असून' हे वाक्य तर इतकं सफाईने उतरलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. आपण कोणाविरुद्ध लिहितोय हे दुसऱ्या पानावर येईपर्यंत ते विसरून गेले होते.

सत्यशीलाबाईंनी वाचलं. "बेदरकार काय? अमानुष लिहा."

"अमानुष जरा जास्त होतं गं. पुरावा लागतो त्याला."

"तुम्हाला त्याचा एवढा पुळका कशाला?"

कचरूंनी 'बेदरकारपणे व निर्दयपणे' अशी तडजोड केली.

दिवस निघून जात होता, पण सकाळ कठीण जायची. दोघं रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून त्रिसरण-पंचशील म्हणत. पहिली तीन शीलं कचरू खणखणीत आवाजात म्हणायचे. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की त्यांना खोकला यायचा. पाचवं दारूचं. तिथे आवाज पुन्हा खणखणीत. आपण खोटं असं बोललेलोच नाही, माहिती मागवली गेली नाही म्हणून सादर केली नाही, असं ते स्वतःला समजवायचे. कार्यालयात हे चाललं असतं. मूर्तीपुढे चालेना.

"या खोकल्याचा एक्स-रे काढू," सत्यशीलाबाई चौथ्या दिवशी म्हणाल्या.

त्यात समितीने गस्त घालायचं ठरवलं. सकाळी सहा ते सात, औषधाच्या दुकानापाशी, शिट्टी घेऊन. सकाळी लवकर उठणारा आणि निवृत्त माणूस म्हणून काम कचरूंकडे आलं. दहा दिवस ते कानटोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या सायकलवाल्याची वाट पाहत उभे राहिले. दहाही दिवस तो फिरकला नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'रणपिसे काकांच्या धाकाने गुंड पसार.' खाली तेवीस अंगठे उमटले.

शेवटी रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. बी विंगमध्ये राहणारे वाहतूक हवालदार समाधान यांनाही बोलावून घेतलं होतं. ते टी-शर्ट आणि चप्पल घालून खाली आले आणि येता येताच म्हणाले, "सुट्टी आहे माझी. ऐकून घेतो, पण शिट्टी मारणार नाही."

विषय फूटपाथवरच्या सायकलचा होता. पाच मिनिटांत तो कुठल्या कुठे गेला.

"सायकलवाले नंतर. आधी दुचाक्या बघा. काल एकजण फूटपाथवरून आला आणि मलाच हॉर्न देतो! मी म्हटलं, बेडरूममधून जायचंय का, दार उघडू?"

"दुचाक्या फूटपाथवर का चढतात? रस्ता गाड्यांनी अडवलाय म्हणून."

"गाड्या आम्ही काय डोक्यावर लावायच्या? बिल्डरनं चाळीस फ्लॅटला बावीस पार्किंग दिली."

"तुमच्याकडे तीन गाड्या आहेत, जोशी."

"एक सासऱ्यांची आहे."

"सासरे साताऱ्याला असतात."

"म्हणून तर ती इथे आहे!"

कोणीतरी दबक्या आवाजात अध्यक्षांच्या गाडीचा विषय काढला. ती बाहेर सायकलच्या पट्ट्यातच असते. हिंमतराव शांतपणे म्हणाले, "ती पार्क केलेली नसते. ती उभी असते. पार्क करणं वेगळं." यावर समाधान हवालदारांनी कपाळाला हात लावला.

सत्यशीलाबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना वॉर्डात आणावं तसं जागेवर आणलं. "विषयाला धरून बोला. मला खबर मिळाली आहे. वय तीसच्या आत, अंगाने मजबूत, हेल्मेट, दिवा, गिअरची सायकल. असा माणूस आपल्याच सोसायटीत आहे."

सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. मागे खांबाला टेकून पुष्कर उभा होता. एकशे चारमध्ये भाड्याने राहणारा, आयटीतला, रोज सायकलने ऑफिसला जाणारा.

"मी?" पुष्कर म्हणाला. "काकू, मी रोडनेच जातो. सीरियसली. फूटपाथवर सायकल म्हणजे… टायरची वाट लागते."

"सगळे असंच म्हणतात," कोणीतरी म्हणालं.

"सकाळी सहाला मी झोपलेला असतो हो! माझं लॉगिनच अकराला असतं!"

"साक्षीदार आहे का झोपेला?"

हिंमतरावांनी पुष्करला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रुंद खांदे, दंडात बसलेला टी-शर्ट. अशा माणसाकडून पडायला त्यांची हरकत दिसली नाही. "हाच असला पाहिजे," ते म्हणाले. "बांधा तोच आहे."

"भाडेकरूंचं हे असंच असतं," मागून आवाज आला. "मालकाला कळवा. महिनाअखेरीस खोली रिकामी करू दे."

पुष्करचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण त्याला मराठीत सापडत नव्हतं आणि इंग्रजीत ऐकणारं कोणी नव्हतं. कचरू पहिल्या रांगेत निवेदनाची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या घशाशी तोच सकाळचा खोकला आला. या वेळी त्यांनी तो गिळला आणि उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, निवेदनात एक दुरुस्ती आहे."

"नंतर घेऊ, रणपिसे साहेब."

"आत्ताच घ्यावी लागेल. पान एक, परिच्छेद दोन. 'अज्ञात इसम' ऐवजी 'कचरू रणपिसे' असं वाचावं."

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले.

"वा काका! पोराला वाचवताय होय?"

"मोठं मन आहे हो यांचं."

"मी खरं सांगतोय," कचरू म्हणाले. "मीच होतो. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला, केमिस्टच्या पुढे. पिशव्या मीच फोडल्या."

"असं कसं होईल बाप्पा?" हिंमतराव ताडकन उठले. गुडघ्यावरची पट्टी ते विसरले होते. "मी तालमीतला माणूस! तुमच्या धक्क्यानं मी पडणार? तुमचं वजन किती?"

"अठ्ठावन्न किलो."

"झालं! ऐका! अठ्ठावन्न किलोनं मला पाडलं म्हणे!"

हसणाऱ्या त्या गर्दीत एकच माणूस हसत नव्हतं. सत्यशीलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गोळ्या न घेताच 'घेतल्या' म्हणून सांगणारे शेकडो पेशंट पाहिले होते. त्या फक्त म्हणाल्या, "सायकल आणा."

"अगं, हवा नाही तिच्यात."

"पुष्करकडे पंप असेल."

पुष्करने धावत जाऊन पंप आणला. स्वतःच्या सुटकेसाठी एवढ्या जोरात हवा भरताना सोसायटीने पहिल्यांदाच कोणाला पाहिलं असेल. कचरूंनी हेल्मेट चढवलं, दिवा लावला, पार्किंगच्या टोकाला गेले आणि निघाले. मधे खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, आणि वाटेच्या मधोमध कमरेवर हात ठेवून हिंमतराव. सायकल खुर्च्यांच्या कडेने बरी आली, मग जरा डुलली, मग तिने आपणहून अध्यक्षांचा रोख धरला.

"अहो, सरका! सरका!"

हिंमतराव सरकले, आणि पुन्हा त्याच बाजूला सरकले. शेवटच्या क्षणी त्यांनी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उडी मारली. तालीम तिथे कामाला आली. सायकल पाण्याच्या टाकीला जाऊन टेकली.

"हाच तो!" हिंमतराव पायरीवरून ओरडले. "हाच आवाज! अंधारात मी बारीकसारीक पाहिलं नाही, पण आवाज हाच!"

आणि मग एवढ्या लोकांसमोर आपण काय कबूल केलं हे त्यांच्या लक्षात आलं. ते हळूच खाली उतरून खुर्चीत बसले. पुढे बरेच दिवस गुडघ्यापेक्षा त्यांना ते अठ्ठावन्न किलो जास्त दुखले.

कचरूंनी हेल्मेट काढून सगळ्यांची माफी मागितली. आधी पुष्करची, मग हिंमतरावांची. फुटलेल्या पिशव्यांची भरपाई म्हणून ते दुसऱ्या दिवसापासून हिंमतरावांना दूध आणून देऊ लागले. समाधान हवालदारांनी निवेदन चाळलं. "आरोपीनंच लिहिलंय का हे? अक्षर फार छान आहे," असं म्हणत कागदाची घडी घालून ते वर झोपायला गेले.

घरी मात्र सत्यशीलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. जेवायला वाढलंय. औषध घ्या. गॅस बंद करा. तिसऱ्या दिवशी पंचशील झालं, चौथं शील खोकल्याशिवाय पार पडलं, आणि त्या चटईवर बसल्या बसल्याच म्हणाल्या, "रस्ता सोडून फूटपाथवर का गेलात? नियमाचा माणूस ना तुम्ही?"

कचरूंनी उदबत्ती सरळ केली. "भीती वाटते गं," ते म्हणाले. "गाड्यांची. मागून हॉर्न आला की हातपाय गळतात. तरणा होतो तेव्हा स्वारगेटच्या चौकातून डबलसीट सायकल मारलीय मी. आता त्याच रस्त्यावर पाय टेकवायला जागा दिसत नाही."

एवढ्या वर्षांत नवऱ्याने भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या दारात ते घामाने निथळत उभे होते, तेव्हासुद्धा 'उकडतंय' म्हणाले होते.

"हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू फूटपाथवाली."

"फूटपाथ चालणाऱ्यांचाच आहे, त्यात बदल नाही," त्या चटई गुंडाळत म्हणाल्या. "रविवारी साडेसहाला तयार राहा."

रविवारी फाटकाबाहेर पुष्कर सायकल घेऊन जांभया देत उभा होता. त्याला उठवण्यासाठी सत्यशीलाबाईंनी सहा फोन केले होते. वरात निघाली. पुढे पुष्कर, मधे कचरू, मागे स्कूटीवर सत्यशीलाबाई, दोन्ही इंडिकेटर चालू. सायकलच्या पट्ट्यात गाड्या होत्याच, त्यामुळे तिघं रस्त्याच्या डाव्या लेनमधून चालले, ताशी नऊच्या वेगाने.

मिनिटाभरात मागे रांग लागली. एक रिक्षा, दुधाचा टेम्पो, दोन गाड्या आणि एक बस. हॉर्न सुरू झाले. कचरूंचे खांदे वर गेले, हँडल डगमगलं.

"मागं बघू नका!" सत्यशीलाबाई ओरडल्या. "मागचं माझ्याकडे आहे! तुम्ही पायडल मारा!"

टेम्पोवाला बाजूला येऊन म्हणाला, "मावशी, बाजूला घ्या की, सगळा रस्ता अडवलाय."

"मी दोन फूट अडवलेत. तुझा टेम्पो आठ फूट आहे. आधी कोणी बाजूला व्हायचं, सांग?"

टेम्पोवाल्याने हिशेब केला असावा, कारण तो पुन्हा मागे गेला. पहिल्या शंभर पावलांनंतर कचरूंच्या लक्षात आलं की हॉर्न वाजतायत, पण हात गळत नाहीयेत. वाजणाऱ्या हॉर्नमध्ये आणि आपल्यामध्ये एक निवृत्त मेट्रन आहे. पुढच्या शंभर पावलांत त्यांनी गिअरसुद्धा बदलला, आणि तो योग्य निघाला.

चौकात सिग्नल लाल झाला. पुष्कर निसटून पुढे गेला होता. कचरू पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, बरोबर वीतभर जागा सोडून थांबले आणि एक पाय टेकवला. शेजारच्या लेनमधले सगळे रेषा ओलांडून झेब्र्यावर जाऊन थांबले. स्कूटीच्या मागची गाडी मात्र पुढे जायला मोकळी नव्हती, म्हणून गाडीवाल्याने हॉर्न दाबला. मग आणखी एकदा, लांबलचक.

कचरूंनी सावकाश मान वळवली. "लाल आहे," ते म्हणाले. "हिरवा झाला की कळवतो."

मागे स्कूटीवर सत्यशीलाबाई इतक्या मोठ्याने हसल्या की रिक्षावाल्यालाही हसू आलं. सिग्नल हिरवा झाला, आणि कचरू पायडलवर उभे राहून निघाले.